तात्पर्याच्या अलीकडे

दिवाळीचा फराळ आटोपला, मुले फटाक्यांकडे वळली आणि वडीलधारी मंडळी ओसरीवर पान जुळवीत बसली, की घरोघर एक वाक्य हमखास कानावर येते : "आमच्या वेळची माणसे शिकलेली नव्हती, पण शहाणी होती." पुढची पिढी हे वाक्य ऐकून मनातल्या मनात हसते, आणि तीस वर्षांनी तेच वाक्य स्वतः उच्चारते. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण न शिकलेली माणसे शहाणी झाली ती कोणत्या वाटेने, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारीत नाही.

शहाणपणाचा आज दुष्काळ पडला आहे असे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत मोबाइलवर दहा सुविचार येऊन पडलेले असतात. शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याचा परिपाठ आहे, आणि तो फळा मी स्वतः कित्येक वर्षे लिहीत आलो आहे. अक्षर वळणदार असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. शहाणपणाचा त्यात काही संबंध नव्हता. इतक्या वर्षांत एकही विद्यार्थी मला येऊन म्हणाला नाही, की गुरुजी, मंगळवारच्या सुविचाराने माझे डोळे उघडले. मग हे सारे शहाणपण जाते कुठे? फळा पुसला की खडूच्या धुळीबरोबर तेही खाली पडते काय?

विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. त्यामुळे या प्रश्नाचे शास्त्रोक्त उत्तर देण्याचा आव मी आणणार नाही. मात्र कादंबऱ्या लिहिण्याची खोड असल्याने हा प्रश्न मला पुस्तकांना विचारावासा वाटतो. मराठीतल्या ज्या पुस्तकांना आपण शहाणी पुस्तके म्हणतो, ती आपल्याला शहाणपण देतात तरी कशी? आणि या शोधाला मला फार दूर जावे लागत नाही. आमच्या आष्टीहून निघून वर्धा नदी ओलांडली की मोर्शी तालुका लागतो, आणि त्या तालुक्यात रिद्धपूर आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे आकाराला आला.

'लीळाचरित्र' हे नाव शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते आणि ग्रंथ फारच थोड्यांनी उघडलेला असतो. या ग्रंथामागची हकिकत आधी ध्यानात घेतली पाहिजे. चक्रधरस्वामींनी स्वतः एक ओळही लिहिली नाही. ग्रीस देशातल्या सॉक्रेटिसानेही लिहिली नव्हती. असे का व्हावे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण त्यामुळे एक गोष्ट घडली. शहाण्या माणसाचे जे काही आपल्यापर्यंत आले, ते ऐकणाऱ्यांच्या द्वारे आले. म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान ब्राह्मण. शास्त्रांत पारंगत, आणि त्या विद्येचा ताठा असलेले. चक्रधरांकडे ते आले तेच मुळी वादाच्या हौसेने. रामदासांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि तेवढ्याने समाधान न होऊन त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास राखून ठेवला. म्हाइंभट त्या समासात सहज बसले असते. पण ते तिथून निसटले. कसे निसटले, हे पाहणे मला फार उद्बोधक वाटते.

स्वामींच्या प्रयाणानंतर या पंडिताने काय केले असावे? त्याच्या विद्येला साजेसे काम म्हणजे स्वामींच्या तत्त्वज्ञानावर संस्कृतात एखादा भाष्यग्रंथ रचणे. म्हाइंभटांनी तसे केले नाही. नागदेवाचार्यांजवळ बसून, आणि ज्याने ज्याने स्वामींना पाहिले होते त्याच्यापर्यंत स्वतः जाऊन, त्यांनी विचारायला सुरुवात केली : तुम्ही काय पाहिले? कोणत्या गावी? त्या वेळी आणखी कोण होते? स्वामी काय बोलले, आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात? सांगणाऱ्यांत पंडित होते, तशाच अक्षरशत्रू बाया होत्या; सदा प्रश्न विचारणारी महदाइसा होती. शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस आता इतरांना बोलते करू लागला. माझ्या मते म्हाइंभट शहाणे झाले ते इथे. वादात हरले तेव्हा ते फक्त नम्र झाले असतील. नम्र होणे ही एका दिवसाची गोष्ट आहे; शहाणे होण्याला त्यांना अनेकांच्या दारी जावे लागले.

ग्रंथ उघडला म्हणजे या कष्टाचे फळ दिसते. लीळा अगदी लहान लहान आहेत. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, एवढेच. सशाची लीळा पुष्कळांना ठाऊक असेल. शिकाऱ्यांनी आणि कुत्र्यांनी पिटाळलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडतो. मागोमाग शिकारी येतात. दोन बाजूंचे थोडे बोलणे होते आणि ससा वाचतो. एखाद्या आजच्या लेखकाने (त्यात प्रस्तुत लेखकही आला) या ठिकाणी भूतदयेवर दोन परिच्छेद तरी खर्च केले असते. म्हाइंभट सशाला जाऊ देतात आणि पुढच्या लीळेकडे वळतात. आपण मात्र तिथेच थबकून राहतो. मांडीखाली थरथरणारे ते ऊबदार अंग आपल्याला जाणवत राहते, आणि पुढे कधी एखादे जीव घाबरून आपल्या आश्रयाला आले तर आपण काय करू, हा प्रश्न कोणी न विचारताच मनात उभा राहतो.

आता त्याच परंपरेतला दुसरा ग्रंथ पाहू. केसोबासांचा 'दृष्टांतपाठ'. यात ११४ दृष्टांत आहेत. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मराठीत आली ती या ग्रंथातून. कोणाला हत्ती खांबासारखा वाटतो, कोणाला सुपासारखा. ही गोष्ट बौद्धांच्या पाली ग्रंथांत आहे, जैनांकडेही आहे. तेव्हा गोष्टीची मालकी आपली नाही. पण 'दृष्टांतपाठा'ची मांडणी मात्र विचार करण्याजोगी आहे. प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग : आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांताचा सिद्धान्ताशी लावून दिलेला संबंध. यांपैकी सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, दार्ष्टान्तिक केसोबासांचे.

हे मी प्रथम वाचले तेव्हा चमकलोच. म्हणजे ज्याला आपण गोष्टीचे 'तात्पर्य' म्हणतो, तो भाग गोष्ट सांगणाऱ्याचा नाही. तो संकलन करणाऱ्याचा आहे. केसोबासांना मी दोष देत नाही. पंथाचा विचार पुढच्यांना नीट कळावा म्हणून त्यांनी ते काम केले आणि प्रामाणिकपणे केले. आपला भाग कोणता आणि स्वामींचा कोणता, याची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. सरमिसळ आपण केली. शाळेत हत्तीची गोष्ट शिकवताना आम्ही काय करतो? गोष्ट घाईघाईने आटोपतो आणि "तात्पर्य : अर्धवट ज्ञान घातक असते" हे फळ्यावर लिहून देतो. मुले ते उतरवून घेतात. परीक्षेत तेच येते आणि दोन गुण मिळतात. आंधळ्यांनी निदान हत्तीला हात तरी लावला होता! आमच्या मुलांच्या हाती हत्तीची शेपटीसुद्धा येत नाही. येते ती हत्तीविषयीची एक ओळ.

कोणी म्हणेल, की ही सातशे वर्षांपूर्वीची पुस्तके झाली. घरोघर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाचे बोला. तर मग 'श्यामची आई' घेऊ. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातला एक प्रसंग मराठी माणसाला सांगावा लागत नाही. अंघोळ झाल्यावर श्यामला पाय मळू द्यायचे नाहीत. आणि पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही घाण लागू नये म्हणून जप, असे आई त्याला सांगते. हे सांगणे भाषणांतून, भिंतींवरून, शुभेच्छापत्रांतून इतके फिरले आहे की त्याची नाणी झिजून गुळगुळीत झाली. पण पुस्तक उघडून पाहा. सांगण्याच्या आधी काय घडते? श्याम हट्ट धरतो, आणि आई आपला पदर दगडावर पसरते. ओली पावले त्या पदरावर उमटतात. त्यानंतर ती बोलते. जिने स्वतःचे लुगडे मुलाच्या पायांखाली अंथरले, तिला ते बोलण्याचा अधिकार आला. आणि ज्याचे पाय त्या पदराने टिपले गेले, त्याला ते ऐकू आले. आपण पदर विसरलो आणि वाक्य तेवढे घेऊन बसलो. मग ते वाक्य मुलांना लागत नाही, म्हणून मुलांनाच बोल लावतो.

साने गुरुजींवर फार उपदेशाचा आरोप पुष्कळ टीकाकारांनी केला आहे, आणि काही ठिकाणी तो खराही आहे. जिथे पदर नाही आणि नुसते वाक्य आहे, तिथे हे पुस्तकही फिके पडते. पण जिथे कृती आधी आणि शब्द मागाहून येतो, तिथे त्या शब्दाला जो भार चढतो, तो मोठमोठ्या कलावंतांनाही सहज साधत नाही.

इथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, आणि तो आक्षेप माझ्याच भागातून येणारा आहे. तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ साली निघाली. तिचे ४१ अध्याय. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, आरोग्य, शिक्षण, श्रम, सर्व काही त्यात सांगितले आहे, आणि अगदी उघड उघड सांगितले आहे. तिथे आडपडदा नाही, गोष्टीच्या आड दडवलेले काही नाही. पानापानावर तात्पर्यच आहे म्हणा ना. आणि तरीही वऱ्हाडातल्या आणि वर्ध्याकडच्या गावांत या ग्रंथाने माणसे बदलली, हे कोणी नाकारणार नाही. मग माझे म्हणणे खोटे ठरते काय?

मला तसे वाटत नाही. 'ग्रामगीता' नुसती एकट्याने वाचली तर ती सरळसोट उपदेशाची वाटण्याचा संभव आहे. साहित्याच्या काट्यावर तिचे कित्येक भाग हलके भरतील, हे मी भीत भीतच पण स्पष्ट म्हणतो. पण ती एकट्याने वाचण्यासाठी नव्हतीच. जो माणूस खंजिरीवर भजन म्हणत गावोगाव हिंडला, १९४२ साली ज्याला तुरुंगात जावे लागले, ज्याने मोझरीला गुरुकुंज उभारला, त्याच्या मागून ती ओवी येत होती. सामुदायिक प्रार्थनेत बसून आणि दुसऱ्या दिवशी हाती झाडू घेऊन लोकांनी ती ऐकली. तिचा पदर पुस्तकाबाहेर पसरलेला होता. झाडू ठेवून दिला आणि ओवी तेवढी ठेवली, तर 'ग्रामगीते'चाही सुविचार व्हायला वेळ लागणार नाही. तो धोका आज आहेच.

तर माझे म्हणणे एवढेच, की शहाणपण तात्पर्याच्या अलीकडे असते. ते घटनेत असते, आणि घटनेपर्यंत पोहोचायचे तर ज्याने ती पाहिली त्याच्यापाशी जाऊन, त्याच्या कलाने ऐकून घ्यावे लागते. दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितले तर त्यातले सोयीचे एक उचलून चालत नाही. दोन्ही जपावी लागतात. हे मी ग्रंथ वाचून शिकलो असे म्हणालो असतो तर माझी प्रतिष्ठा राहिली असती. पण दिवाळीच्या दिवशी खोटे बोलू नये. मी ते चुकून शिकलो, आणि ती चूक दुरुस्त करण्याची संधी मला मिळाली नाही.

१६ ऑगस्ट १९४२ हा दिवस आमच्या आष्टीला कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी नागपंचमी होती. लोक झेंडा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, गावातली माणसे पडली. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. मग धरपकड झाली, खटले झाले, चिमूर आणि आष्टीच्या लोकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी केलेली खटपट प्रसिद्ध आहे. अखेर त्या फाश्या टळल्या. हे सर्व इतिहासात आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी मुलांसाठी या प्रसंगावर एक लहानसे नाटुकले लिहायला घेतले. माहिती हवी म्हणून गावातल्या दोन म्हाताऱ्यांकडे गेलो. दोघी एकमेकींच्या नात्यातल्या, त्या दिवशी एकाच घरात असलेल्या, वयाने आठ-दहा वर्षांच्या. पहिली म्हणाली, घराचे दार दिवसभर सताड उघडे होते. कोणी पळत आला तर त्याला आत घेता यावे म्हणून. दुसरी म्हणाली, "नाही जी गुरुजी. दार लावलंच होतं मायनं. कडी घालून पोरायले पोटाशी धरून बसली होती. भेव तं समद्यायलेच होतं."

मला पहिलीचे सांगणे आवडले. रंगमंचावर उघडे दार छान दिसणार होते. मी उघडे दार घेतले. नाटुकले झाले, टाळ्या पडल्या. दुसरी म्हातारी पुढच्या रांगेत बसली होती. खेळ संपल्यावर मी नमस्कार करायला गेलो, तर ती एवढेच म्हणाली, "चांगलं केलं पोरायनं. पण माही माय तुमच्या नाटकात नाही." मी हसून म्हणालो, "आजी, नाटकात थोडे इकडचे तिकडे करावे लागते." तीही हसली.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या आईविषयी आणखी काय काय ती सांगणार होती, हे मी विचारले नव्हते. ती कडी किती वेळ लावलेली होती? मग कोणी उघडली? ज्या घरात सगळ्यांना भेव होते, त्याच घरातला कोणी माणूस त्या दिवशी बाहेर गेला होता काय? गेला असला तर भिऊनच गेला असणार. आणि न भिता जाणाऱ्यापेक्षा त्याचे जाणे मला आज कितीतरी मोठे वाटते. पण हे सारे माझे अंदाज आहेत. लीळा माझ्या हातून गेली. माझ्यापाशी उरले ते दार्ष्टान्तिक.

पुढे 'लीळाचरित्र' पुन्हा हाती घेतले तेव्हा, आधी ज्या गोष्टीचा कंटाळा येई, तीच मला सर्वांत मोलाची वाटू लागली. पंथाची परंपरा सांगते, की दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली. मग ज्यांना ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती पुन्हा सांगितली. त्यांत हिराइसेचे नाव मोठ्या मानाने घेतले जाते. तिच्या स्मरणातून आलेला तो हिराइसा पाठ. एका बाईच्या आठवणीच्या आधाराने मराठीचा आद्य गद्यग्रंथ तगला! आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे काय केले? एक असे सांगतो, दुसरा तसे सांगतो, अशी नोंद ठायी ठायी करून ठेवली. साध्या वाचकाला तो अडथळा वाटतो. मलाही वाटला होता. आता वाटते, ही लहान नोंदच त्या ग्रंथाचे खरे शहाणपण आहे. ज्यांच्या मते एकच सांगणे खरे असते ते पंडित होऊ शकतात, पुढारीही होऊ शकतात. दुसऱ्याने सांगितलेलेही कागदावर राहू द्यावे, एवढा धीर ज्याच्यापाशी आहे, त्याला मी शहाणा म्हणेन. म्हाइंभटांना भक्तीचा ओढा होता, ते तटस्थ इतिहासकार नव्हते, हे मान्य. पण त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर मतभेदाला जागा राहिली. केवळ संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या बायांना ते अंतरेल, अशी चिंता ज्या नागदेवाचार्यांना वाटली, त्यांच्या सहवासात दुसरे काय व्हायचे?

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही आले. आनंदच आहे. त्या विद्यापीठातल्या मुलांनी पोथ्या वाचाव्यात, पाठभेद तपासावेत. पण अधूनमधून वर्धा ओलांडून इकडच्या गावांत यावे, आणि ओसरीवर बसलेल्या माणसांना म्हाइंभटांनी विचारले तेच साधे प्रश्न विचारावेत, एवढी माझी विनंती आहे.

मी आता फळ्यावर सुविचार लिहीत नाही. त्याऐवजी एक वही ठेवली आहे. मुलांनी घरातल्या मोठ्या माणसाला एक गोष्ट विचारायची आणि जशी सांगितली तशी उतरवून आणायची; खाली तात्पर्य लिहायचे नाही. दुसऱ्या कोणी तीच गोष्ट वेगळी सांगितली तर तीही समोरच्या पानावर लिहायची. वही फार भरलेली नाही. मुले आळस करतात, मोठी माणसे "आम्हाला काय येते?" म्हणून टाळतात. पहिल्या पानावर मी उघड्या दाराची हकिकत लिहिली आहे. समोरच्या पानावर कडी लावलेल्या दाराच्या तीन ओळी आहेत. बाकीचे पान कोरे आहे, आणि ते तसेच राहणार आहे.

वाचकहो, आपल्या घरी या चार दिवसांत माणसे जमली असतील. फराळाचे ताट पुढे सरकवताना एखाद्या आजीला, एखाद्या मामाला विचारून पाहा. सल्ला मागू नका. तो ते न मागताच देतील. काय घडले ते विचारा, आणि कोपऱ्यात बसलेली दुसरी आजी "असे नव्हते ते" म्हणाली, तर तिच्याकडे वळून बसा.